मुक्या जिवांचा दवाखाना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



तुमच्या चिटणीसबाई भाषणाचे आमंत्रण घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा मी एका बोकडाचे वाढलेले खूर कापीत होते. बोकड ओरडत होता, त्याची मालकीण त्याच्याहून मोठ्याने ओरडत होती, आणि चिटणीसबाई दारातच थबकल्या होत्या. मी त्यांना म्हटले, "गुराढोरांची डॉक्टरीण बायकांच्या सभेत काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या मंडळात असे एक घर दाखवा, की ज्याच्या दाराशी कुत्रे नाही, मांजर नाही किंवा पोळीसाठी थांबणारी गाय नाही. तेव्हा तुम्ही बोलाच." त्यांच्या या म्हणण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे. मला वक्तृत्व येत नाही. माझे रोगी बोलत नाहीत, त्यामुळे मलाही कमी बोलण्याची सवय झाली आहे. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आरंभी माझ्या शिक्षणाविषयी दोन शब्द सांगते. मी पदवी घेतली ती नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात. ते १९५८ साली सुरू झाले. पुढचे शिक्षण मी अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत घेतले. मी या विद्येला गेले तेव्हा आमच्या नातलगांत पुष्कळ चर्चा झाली. "मुलगी डॉक्टर होणार म्हणे, पण म्हशींची!" असे एक आत्याबाई सर्वांना सांगत असत. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खेड्यात गाय अडली म्हणून बोलावणे आले. मी गाडीतून पेटी घेऊन उतरले, तर घरधन्याने माझ्या ड्रायव्हरला नमस्कार करून त्यालाच गोठ्यात नेले. गाय मोकळी होऊन वासरू उभे राहिल्यावर मात्र त्या घरच्या म्हातारीने माझीच ओटी भरली.

हे दुःख काही माझे एकटीचे नाही. इंग्लंड-आयर्लंडकडे ॲलीन कस्ट नावाच्या बाईंनी १९०० साली हे शिक्षण पुरे केले. परंतु बाई म्हणून त्यांना तेथील अधिकृत सनद मिळाली नाही, ती मिळण्यास १९२२ साल उजाडावे लागले. आपल्या देशात प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा कायदा १९६० साली झाला. त्याच्यामागे राज्यसभेत सतत पाठपुरावा करणाऱ्या होत्या नृत्यकलेसाठी ख्यातनाम असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. तेव्हा मुक्या जिवांच्या कामात बायका आज आल्या असे कोणी समजू नये. घरातली शिळी पोळी कोणाच्या तोंडी जाते हे पूर्वीपासून आपणच ठरवीत आलो आहोत.

आता ज्या गोष्टीसाठी उभी राहिले ती सांगते. ही माझ्या चुकीची गोष्ट आहे. आजवर ती मी चारचौघींत सांगितली नव्हती.

अमरावतीस मी माझा लहानसा दवाखाना नुकताच उघडला होता. एके दिवशी धुणीभांडी करणारी एक बाई तिच्या कुत्रीला पोत्यावर निजवून घेऊन आली. कुत्रीचे नाव चांदणी, वय सात-आठ वर्षांचे. कुत्री काही खात नव्हती, पाणी मात्र सारखे पीत होती आणि मागून दुर्गंधीयुक्त स्राव जात होता. तपासल्याबरोबर मी ओळखले, की तिच्या गर्भाच्या पिशवीत पू झाला आहे. कुत्री माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी हे दुखणे उद्भवते. जिची पिशवी तरुणपणीच काढलेली असते तिला त्याचे भय नसते. एकदा उद्भवले की नुसत्या गोळ्यांवर विसंबता येत नाही, शस्त्रक्रिया करावी लागते. मी त्या बाईला सारे समजावून सांगितले. शस्त्रक्रियेचा खर्च सांगितला आणि आणावयाच्या औषधांची लांबलचक चिठ्ठी लिहून दिली. तिने ती नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "बरं बाई, उद्या आणतो."

ती आली नाही. मी दोन दिवस वाट पाहिली आणि मनात म्हटले, लोकांना जनावराची किंमत नाही. असे म्हटले की आपले मन मोकळे होते!

तीन-चार महिन्यांनी भाजीबाजारात ती मला भेटली. मी जरा रागातच विचारले, "काय हो, चांदणीला का आणले नाही?" ती खाली मान घालून म्हणाली, "चौथ्या दिवशी गेली, बाई." आणि मग थोड्या वेळाने म्हणाली, "पैसे नोयते, पन त्याच्यासाठी नाई थांबली मी. तुमी मनसान, पैसे नाई तं कुत्रं कायले पायता? थे आयकाचं मन नोयतं."

भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. त्या चार दिवसांत ती कुत्री तिच्या दाराशी कण्हत पडली असेल, आणि ही बाई पदरात चिठ्ठी ठेवून दुसऱ्यांची भांडी घाशीत असेल. आपल्या शहरातच जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. तेथे नाममात्र शुल्कात जनावरे तपासतात. ज्या संस्थेत मी शिकले त्या अकोल्याच्या संस्थेचा दवाखानाही सर्वांना खुला आहे. मला हे सारे ठाऊक होते. तिला मात्र मी ते सांगितले नाही. का सांगितले नाही? नवा दवाखाना, नवी पाटी, त्यामुळे दुसरे दार दाखविण्याचे सुचले नाही. "तुमच्याने किती होईल?" एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर कदाचित चांदणी वाचली असती. निदान ती दाराशी तडफडून गेली नसती.

अकोल्यास आमचे एक गुरुजी नेहमी सांगत, "जनावराला वाचा नाही, पण ते घेऊन येणाराला आहे. आधी त्याचे ऐका." हे वाक्य मी वहीत उतरून घेतले होते, त्याचा अर्थ मला भाजीबाजारात कळला.

तेव्हापासून मी माझ्या दवाखान्याचे तीन नियम केले. पहिला असा, की पैशाची गोष्ट आधी मी काढावयाची, समोरच्या बाईला काढावयास लावावयाची नाही. दुसरा असा, की प्रत्येक दुखण्याचे दोन-तीन मार्ग सांगावयाचे. उत्तम मार्ग कोणता, बेताचा कोणता, आणि सरकारी दवाखान्यात कोणती सोय आहे, हे तिन्ही मोकळेपणाने सांगावयाचे. बेताच्या मार्गाने गुण येण्याची आशा कमी असेल तर तेही लपवावयाचे नाही. तिसरा असा, की आज आलेले जनावर परत आले नाही, तर तिसऱ्या दिवशी निरोप पाठवून चौकशी करावयाची.

शिवाय दर रविवारी सकाळी ज्याला जे जमेल ते घेऊन तपासावयाचे असे ठरविले. टेबलावर एक झाकणाचा डबा असतो. कोण किती टाकतो ते मी पाहत नाही. पुष्कळ जणींना फुकट नको असते. कोणी दहा रुपये टाकते, कोणी अंबाडीची जुडी ठेवून जाते. एका आजीने मांजराच्या कानाच्या औषधाबद्दल मला शेरभर तुरीची डाळ दिली आणि वर "उसनं ठेवत नसतो आमी" असे बजावले. आठवड्याचे सहा दिवस जे पैसेवाले येतात त्यांच्या फीमधून हा रविवार निघतो. कधी निघत नाही, तेव्हा घरी यजमानांशी हिशेबावरून दोन शब्द होतात. ते येथे सांगत नाही! सर्वच जनावरे वाचतात असेही नाही. काही वेळा यातना थांबविणे एवढेच हाती उरते. पण पैसे नाहीत म्हणून कोणी दारातून परत गेले असे आता होऊ देत नाही.

गरिबांना जनावराची माया नसते, हा समज मनातून काढून टाकावा अशी माझी विनंती आहे. २०२२ साली आपल्या भागात गुरांना लम्पीची साथ आली. अंगावर गाठी, ताप, पाय सुजलेले अशी जनावरे अकोला, बुलढाणा, अमरावतीकडे गोठ्यागोठ्यांतून दिसू लागली. सरकारने लस मोफत दिली, आणि ती गावोगाव जाऊन टोचली. तेव्हा आपापले जनावर घेऊन लोक पहाटेपासून उभे असत. माया होतीच, लस आणि डॉक्टर तेवढे दाराशी यावयाचे राहिले होते. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे होत. तोच रोग लसीच्या बळावर २०११ साली साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ज्याचा उपाय स्वस्त आणि वेळेवर मिळतो ते दुखणे हटते, हा त्यातला धडा आहे.

महिन्यातून एका शनिवारी मी बडनेऱ्याहून गाडी धरून, मूर्तिजापूरवरून अकोल्यास जाते. तेथे माझी एक वर्गमैत्रीण आहे. आम्ही दोघी मिळून एका वस्तीत कुत्र्यामांजरांना लस टोचतो. गेल्या वर्षीची तेथली गोष्ट. लस टोचून झाल्यावर एक आई मुलाला मागे लपवीत उभी राहिलेली दिसली. मुलाच्या पोटरीवर हळद भरलेली होती. विचारले तर काही सांगेना. अखेर मुलानेच सांगितले, की तीन दिवसांपूर्वी आणलेले पिल्लू त्याला चावले होते आणि ते पिल्लू आदल्या रात्री मेले होते. आई का बोलत नव्हती? घरच्यांना न विचारता पिल्लू मुलाने आणले, त्याचा बोभाटा होईल, ही तिला भीती!

मी सर्व सामान तसेच टाकले. प्रथम साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटे जखम धुतली, आणि रिक्षा करून त्या दोघांना सर्वोपचार रुग्णालयात नेले. जखमेतून रक्त आलेले असल्यामुळे तेथे जखमेभोवती वेगळे औषध टोचले आणि लसही सुरू केली. पुढच्या प्रत्येक तारखेला माझी मैत्रीण त्या आईला आठवण करून देत असे. मुलगा आज शाळेत जातो आहे. ते पिल्लू पिसाळलेले होते की नव्हते हे आता कोणीही सांगू शकणार नाही. आणि याच कारणाने थांबून पाहावयाचे नसते.

म्हणून आपण एवढे पाठ करूनच घरी जावे. पिसाळण्याचा रोग एकदा अंगावर दिसू लागला, की मग माणूस असो वा कुत्रा, तो बहुधा वाचत नाही. परंतु वेळेवर लस घेतली तर तो टळतो. कुत्रे किंवा मांजर चावले, ओरबाडले, की जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. लस तेथे विनामूल्य मिळते. अमरावतीस इर्विन रुग्णालय आहे, अकोल्यास सर्वोपचार आहे. एक इंजेक्शन घेऊन बरे वाटले म्हणून थांबू नये, सांगितलेल्या सर्व तारखा पुऱ्या कराव्या. आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे, की कुत्रे चावल्याचे सांगितले तर मार मिळणार नाही. चांदणीच्या मालकिणीला माझ्या बोलण्याची भीती वाटली, त्या आईला घरच्यांच्या बोलण्याची वाटली. रोगाइतकेच हे भयही जीव घेते.

आता बिनपैशाच्या किंवा थोड्या पैशाच्या काही गोष्टी सांगते. त्या आपल्या स्वयंपाकघरातल्याच आहेत.

घरातली माणसांची औषधे जनावरांना देऊ नयेत. तापाची जी पांढरी गोळी आपण मुलांना अर्धी मोडून देतो, ती मांजराच्या जिवावर बेतते. एका गोळीने मांजर गेलेले मी पाहिले आहे. कुत्र्याला कांदा, चॉकलेट, द्राक्षे, मनुका घालू नयेत.

भाजीची देठे, शिळे अन्न प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकू नये. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. ते प्लास्टिक पोटात साठत जाते, आणि मग पोट फाडून काढावे लागते. ती शस्त्रक्रिया महाग आहे. अन्न पिशवीतून मोकळे करून ठेवण्यास काही पडत नाही. पोळ्याच्या सणाला बैलाला पुरणपोळीचा घास अवश्य द्यावा, पण घासच द्यावा. माया म्हणून टोपलीभर चारली, की दुसऱ्या दिवशी पोट फुगलेली जनावरे आमच्याकडे रांगेने येतात.

आपल्याकडचा उन्हाळा मी तुम्हांला काय सांगावा! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. दारात सावलीला पाणी ठेवावे. जुना माठ फुटला तर त्याचा तळ टाकून देऊ नये. तेच उत्तम भांडे होते, आणि रोज घासावयासही सोपे जाते.

लशीचा हिशेब मात्र आपण मंडळाने मिळून करावा असे मला वाटते. कुत्र्यांना टोचावयाची पिसाळण्याची लस दहा मात्रांच्या बाटलीतही मिळते. बाटली थंड जागी ठेवावी लागते आणि उघडल्यावर फार काळ ठेवता येत नाही. एकटी बाई एक कुत्रे घेऊन आली तर तिला एकाच मात्रेची महाग बाटली घ्यावी लागते. तेच एका गल्लीतली दहा कुत्री एका सकाळी एकत्र आली, तर दर कुत्र्यामागे एका साडीला फॉल-पिको करण्याइतकेदेखील पैसे पडत नाहीत. गरिबाला परवडेल असा उपचार म्हणजे काय, असे मला कोणी विचारले, तर मी हेच सांगेन. डॉक्टरने फी कमी करणे हा त्याचा एक भाग झाला. शेजारणींनी एकत्र येणे हा दुसरा, आणि तो अधिक मोठा आहे.

माझी मागणी लहान आहे. २८ सप्टेंबर हा दिवस जगभर पिसाळरोगाविरुद्धचा दिवस म्हणून पाळतात. लुई पाश्चर यांचे १८९५ साली याच तारखेस निधन झाले. दरवर्षी त्या सुमाराच्या एखाद्या रविवारी मंडळाने आपल्या अंगणात टेबल मांडावे. प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या कुत्र्यामांजराबरोबर गल्लीतल्या एका बिनमालकाच्या कुत्र्याचाही खर्च उचलावा. टोचण्याचे काम माझे. त्या दिवशी मी फी घेणार नाही, चहा मात्र घेईन.

आपल्या अमरावतीस गाडगेबाबांची समाधी आहे. बाबांचा दशसूत्री संदेश आपणांस ठाऊक आहे. त्यात रोग्यांना औषधोपचार सांगितला आहे, आणि मुक्या प्राण्यांना अभयही सांगितले आहे. देवापुढे कोंबडे-बकरे कापू नका म्हणून ते गावोगाव कळवळून सांगत. त्यांच्या दहा गोष्टींपैकी या दोन मी माझ्या दवाखान्यात जोडून घेतल्या आहेत. त्यात तिसरी एक भर मला चांदणीच्या मालकिणीने घातली. ती अशी, की मुक्या जिवाबरोबर जो बोलता जीव येतो त्यालाही अभय द्यावे.

तुम्ही विचाराल, त्या बाईचे पुढे काय झाले? भाजीबाजारातल्या भेटीनंतर मी तिच्या घरी गेले आणि माझे चुकले असे तिला सांगितले. ती काही बोलली नाही, चहा केला. वर्षभराने एका रविवारी ती दारात उभी. पदराखाली एक पिल्लू होते. म्हणाली, "हिले आत्ताच पिशवी काढून टाका, बाई. किती लागते ते पयले सांगा." मी खर्च सांगितला, तिने तो चार रविवारांत फेडला. आता तिच्या वस्तीतून कोणाचे जनावर यावयाचे असले की तीच त्यांना घेऊन येते. परवा एक नवी मुलगी मांजर घेऊन दाराबाहेर घुटमळत होती. मी आतून ऐकले, ही तिला सांगत होती, "आत चाल. तुयापाशी किती हायेत थे पयले सांगून दे. बाई रागावत नाई."

भगिनींनो, माझ्या भिंतीवर पदव्यांची प्रमाणपत्रे लावलेली आहेत. पण त्या दिवशी दाराबाहेर मिळालेले ते प्रमाणपत्र मला सर्वांत मोठे वाटले.  रविवारची तारीख चिटणीसबाईंनी मला कळवावी, एवढे सांगून मी आपली रजा घेते.